ज्येष्ठांसाठी नगर : धम्माची दृष्टी

अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' या काव्यात एक प्रसंग आहे. राजकुमार सिद्धार्थ नगरात फिरावयास निघणार म्हणून राजा शुद्धोदन राजमार्गावरून व्याधिग्रस्त व दुर्बल माणसांना दूर करवितो. तरीही एक वृद्ध दिसतो आणि सिद्धार्थाचे मन संसारातून उडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ही परंपरागत उपपत्ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही. वार्धक्य ही नित्याची गोष्ट आहे.

बाबासाहेबांचा आक्षेप यथार्थच आहे. परंतु शुद्धोदनाला जे साधणे शक्य नव्हते, ते आजच्या शहरांनी न बोलता साधले आहे. मुंबईच्या एखाद्या उपनगरात सकाळी रस्त्यावर उभे राहून पाहावे : ऐंशी वर्षांची माणसे किती दिसतात? ती शहरात नाहीत असे नव्हे. ती तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि इमारतीला लिफ्ट नाही. किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट बंद आहे. खाली उतरावे, तर पदपथावर दुचाक्या उभ्या आणि फरशा उखडलेल्या. अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलतो. वाटेत स्वच्छतागृह नसते, म्हणून कित्येक वृद्ध स्त्रिया बाहेर जावयाच्या दिवशी पाणी पिणेच टाळतात. त्यांना कोणी हुकूम काढून हटविलेले नाही. रचनेनेच हटविले आहे. वस्तीची रचना माणसाला बाहेर कशी ठेवते, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या इतिहासात आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात म्हटले आहे, की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत; अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा आरंभिल्या. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटीबरोबरच वृद्धांची भेट आणि त्यांना धनसाहाय्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या लेखाचा एक तुकडा १८८२ साली सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. सातव्या स्तंभलेखात अशोक मार्गावर लावलेले वटवृक्ष, खोदविलेल्या विहिरी आणि बांधलेली विश्रामस्थाने यांची नोंद करतो. सावली, पाणी आणि विसावा! रस्त्यावर निघालेल्या वृद्धाला आजही याहून निराळे काय हवे असते?

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ३३ शहरांतील ज्येष्ठांना प्रत्यक्ष विचारून ती तयार झाली. तिने आठ अंगे सांगितली : मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, निवास, सामाजिक सहभाग, आदर, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि आरोग्यसेवा. यातील मर्म 'विचारून' या शब्दात आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तिकीट माफ झाले तरी गाडीची पहिली पायरी तेवढीच उंच राहिली. आजीला विचारले असते, तर तिने आधी पायरीच सांगितली असती. आपल्या संविधानाचे कलम ४१ वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याला हक्क म्हणते. उपकार म्हणत नाही.

आपल्यापुरता आणखी एक प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आईवडिलांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. ही पिढी म्हणजे आपला अलिखित इतिहास होय. ती जिने उतरू शकत नाही म्हणून घरात बंद राहिली, तर तो इतिहास तिच्याबरोबर संपेल.

म्हणून आरंभ आपल्या विहारापासूनच करावा. वर्षावासात ग्रंथवाचनाला सर्वांत नियमित येणाऱ्या आपल्या वृद्ध माता-भगिनीच असतात. आणि अनेक ठिकाणी त्यांनाच उंच पायऱ्या चढून जमिनीवर बसावे लागते. उतरंडीची वाट, जिन्याला कठडा, भिंतीलगत दहा खुर्च्या आणि स्वच्छ शौचालय, एवढ्यासाठी महापालिकेची वाट पाहण्याची गरज नाही. जे वाचनाला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी युवकांनी आठवड्यातून एकदा ग्रंथ घेऊन जावे आणि परतताना त्यांची आठवण लिहून आणावी. अशोकाची धम्मयात्रा आज अशीच होऊ शकेल.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत एक अभ्यास करा. घरातील किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीबरोबर दवाखान्यापर्यंत तिच्या गतीने चाला. पायऱ्या मोजा, त्यांची उंची मोजा. बसण्याच्या जागा, सावली, पाणी, शौचालय यांची नोंद करा. ती कोठे थांबली आणि का, ते तिलाच विचारून लिहा. तो कागद आपल्या नगरसेवकाला द्या आणि एक प्रत जपून ठेवा. तुमच्यातील काही जण उद्या अभियंते होतील, काही अधिकारी होतील. नकाशावर सही करण्यापूर्वी तो कागद एकदा पुन्हा वाचा.