काउबॉयपट : गोळी आणि आख्यायिका

काउबॉयपटांच्या परिवर्तनाचा विचार करताना बहुधा नायकाच्या बदलत्या स्वभावाकडे लक्ष दिले जाते. त्याहून मूलगामी बदल कथनाच्या विश्वासार्हतेत घडला आहे. जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) रिंगो किड पित्याच्या व भावाच्या हत्येचा सूड घेतो, मार्शल त्याला जाऊ देतो आणि या न्यायाविषयी चित्रपट शंका घेत नाही. फोर्ड यांच्याच ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये (१९६२) मात्र स्टॉडर्ड ज्या गोळीच्या कीर्तीवर सिनेटर होतो, ती वस्तुतः डॉनिफनने झाडलेली असते, सत्य कळूनही संपादक ते छापीत नाही. क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘अनफर्गिव्हन’मध्ये (१९९२) बंदूकबाजांचा चरित्रकारच पात्र म्हणून अवतरतो आणि त्याने रचलेली शौर्यकथा शेरीफ खोटी ठरवितो.

तथापि हे आत्मपरीक्षण जेत्यांचेच होय. ‘स्टेजकोच’मध्ये चाल करून येणाऱ्या अपाचींना आपली बाजू मांडण्यास वाव नाही, ‘अनफर्गिव्हन’मधील सॅली ही मूलनिवासी स्त्री एक शब्दही उच्चारीत नाही. आख्यायिकेचे खंडन झाले, म्हणजे कथनाचा अधिकारही हस्तांतरित झाला असे नव्हे. तौलनिक अभ्यासकाने हा भेद दृष्टिआड करू नये.