आधी डोळे, मग पैसे

ओळखीत कुणाचं पोरगं बारावीला आलं की मला फोन येतो. ‘पायलटचं किती लागतात रे?’ मी म्हणतो, काका, आधी डोळे तपासून घ्या, आकड्याचं नंतर बोलू. काकांना वाटतं, हा टाळतोय.

आमच्या संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका हॉटेलात बाबांबरोबर मी ‘करिअर सेमिनार’ला गेलो होतो. पडद्यावर विमानं, खांद्यावर चार पट्ट्या, आणि शेवटी ‘आज बुकिंग केलं तर सवलत’. मेडिकलचा शब्द नाही. शेजारच्या मुलाच्या वडिलांनी तिथल्या तिथे पैसे भरले. पुढे मेडिकलला तो मुलगा ठिपक्यांच्या पुस्तकात अडकला. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात आकडा लपवलेला असतो. बाकीच्यांना ७४ दिसतो, त्याला २१ दिसला. भरलेले पैसे परत मागायला गेले, तर पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘नॉन-रिफंडेबल’.

चष्मा असला म्हणून घाबरायचं कारण नाही, चष्म्याने नजर पुरेशी सुधारली की चालतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र चष्म्याने जात नाही. ही चाचणी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत होते. त्यानंतर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. क्लास वन हातात येईपर्यंत कुणालाही चेक फाडून देऊ नका.

पैशांआधी आणखी एक रस्ता बघून घ्या, तोही आपल्याच गावात. सिडकोत सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून मुलांची एनडीएची तयारी करून घेते. प्रवेश दहावीनंतर परीक्षा देऊन. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. हवाई दलात उडायला शिकण्याचे पैसे लागत नाहीत, उलट पगार मिळतो. वैमानिक निवडीची तिथली संगणक चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नाही जमलं तरी नागरी लायसन्सचा रस्ता बंद होत नाही. बारावीनंतर या संस्थांचं कळून उपयोग नसतो, म्हणून दहावीवाल्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

नागरी लायसन्सच्या लेखी पेपरांचा अभ्यास घरी बसून होतो. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के. डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घ्यायचा आणि अभ्यासाला लागायचं. पेपर खिशात घेऊन गेलेला मुलगा फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहात भाडं भरत पुस्तकं वाचत बसत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना रेडिओवरच्या इंग्रजीची धास्ती असते. ते इंग्रजी ठरावीक शब्दांचं असतं. ऐकू नाही आलं तर ‘से अगेन’ म्हणायला लाजू नये, कॅप्टनही म्हणतात.

आता फ्लाइंग. मी शिकलो त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाच सेसना होत्या. उडत होत्या दोन. बाकीच्या हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत उभ्या. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, आणि एक ३०० सागरी मैलांची क्रॉस कंट्री, म्हणजे इथून सरळ मुंबईला जाऊन येण्याइतकं अंतर. हिशेब करा: दोन विमानं, चाळीस मुलं. एकेक विमान रोज आठ तास उडालं तरी एकाच्या वाट्याला २४ मिनिटं. दोनशे तासांना पाचशे दिवस, तेही पावसाळा आणि धुकं न धरता. शिवाय टॅक्सीवेवर क्लिअरन्ससाठी इंजिन चालू ठेवून थांबलात, तर तोही वेळ लॉगबुकात उड्डाणाचाच धरला जातो. तास भरतात, हात बसत नाही.

तेव्हा संस्था बघायला जाल तर ऑफिसातल्या सोफ्यावर फार वेळ काढू नका. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसा. मुलांना विचारा: शेवटची सॉर्टी कधी झाली? आज किती विमानं उडाली? इन्स्ट्रक्टर किती, त्यातले गेल्या सहा महिन्यांत सोडून गेले किती? बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर, सगळं जाऊन बघण्याच्या अंतरावर आहे. एसटीचं तिकीट या व्यवहारात सगळ्यात स्वस्त.

आमच्या बाबांनी सातारा परिसरातला प्लॉट विकून एकरकमी फी भरायचं ठरवलं होतं. आई अडून बसली. ‘जेवढं उडेल तेवढं द्यायचं,’ एवढंच तिचं म्हणणं. करारात हप्ते उडालेल्या तासांना बांधून घेतले. माझं फ्लाइंग रखडलं तेव्हा पुढचा हप्ता आमच्या हातात होता, आणि तो अडवून धरल्यावरच डिस्पॅचच्या फळ्यावर माझं नाव दिसायला लागलं. एकरकमी भरलेली मुलं फळ्याकडे बघत बसायची.

आणि हो, आकडा. देशात साधारण पन्नास लाख, कमी-जास्त. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते. एवढं करून हातात येतं ते लायसन्स. एअरबस ३२०सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची मुभा, वेगळं, त्याचे लाखही वेगळे. सेमिनारमध्ये हा खर्च ‘नंतर बघू’ म्हणून सांगतात. तो पहिल्या दिवशीच कागदावर मांडा, नाहीतर लायसन्स कपाटात आणि पोरगं कॉल सेंटरला, असं मी आमच्याच बॅचमध्ये पाहिलंय.