प्रमाणपत्र मिळालं, वाचन राहिलं

माझ्या मुलाला बाराखडी तोंडपाठ होती. ‘क’पासून ‘कः’पर्यंत घडाघडा म्हणायचा, पण मधलाच ‘कु’ कागदावर लिहून दाखवला की अडायचा. चौथीत असताना सरकारी रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता येते. परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही. हा हक्क जरूर घ्या. आमच्या शाळेने मात्र सवलत दिली आणि हात झटकले. मुलाला वाचायला शिकवणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

अशा वेळी विकणारे बरोबर गाठतात. एका केंद्राने आम्हाला रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम असं महागडं पॅकेज दिलं. गुण शून्य. अशा उपचारांना पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९मध्येच संयुक्तपणे सांगितलं होतं. डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. पण डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेचं, मूळ बहुतेकदा शब्दातले ध्वनी सुटे करण्याच्या अडचणीत असतं.

पुढे भेटलेल्या विशेष शिक्षिकेने तिथूनच सुरुवात केली. ‘काम’ म्हणायचं आणि क्, आ, म् अशा तीन ध्वनींसाठी कॅरमच्या तीन सोंगट्या सरकवायच्या. पहिली काढली तर काय उरलं? ‘आम’. हे कानाला जमल्यावर अक्षरं. एका वेळी एकच स्वरचिन्ह, आणि वाचायला फक्त शिकवून झालेल्या अक्षरांचेच शब्द. देवनागरीच्या गाठी त्या वेगळ्या काढून शिकवत: ‘दिवस’मधली वेलांटी ‘द’च्या आधी दिसते पण नंतर उच्चारायची; ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, पण बोलायचा आधी. चुकलेला शब्द दहादा लिहून काढायची शिक्षा बंद.

घरी रोज थोडा वेळ हाच सराव करा, आणि इतिहास-विज्ञानाचे धडे तुम्ही वाचून दाखवा. वाचन मागे आहे म्हणून ज्ञान का अडावं? मूल मराठी माध्यमात असेल तर निदानाची चाचणी मराठीतच मागा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

आणि पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना सरळ विचारा: सवलत मिळाली, आता याला वाचायला कोण शिकवणार, आणि आठवड्यातल्या कोणत्या तासाला?