शेअरचे विभाजन : भाकरी तेवढीच, तुकडे जास्त



पालकसभा संपल्यावर आठवीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजी आमच्याकडे आल्या. हातात वर्तमानपत्राचे पान होते आणि चेहरा उतरलेला होता. "सर, आमच्या ह्यांनी घेतलेले शेअर बुडाले का हो? हजाराचा भाव दोनशेवर आलाय. पुतण्या म्हणतो, आहे ते विकून मोकळ्या व्हा."

आम्ही त्यांना बसवले, फळा पुसला आणि त्यांच्या नातवालाच खडू दिला. त्या दिवशी फळ्यावर जो हिशेब झाला, तो सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

प्रत्येक शेअरला दोन किमती असतात. पहिली दर्शनी किंमत, म्हणजे प्रमाणपत्रावर छापलेली, बहुधा १०, ५, २ किंवा १ रुपया. दुसरी बाजारभाव, जो रोज बदलतो. कंपनी दर्शनी किंमत कमी करून एका शेअरचे अनेक शेअर करते, त्याला विभाजन म्हणतात. दर्शनी किंमत १० वरून २ झाली की एका शेअरचे पाच होतात.

आजींकडे ४० शेअर होते आणि भाव होता १,००० रुपये, म्हणजे एकूण ४०,००० रुपये. विभाजनानंतर शेअर झाले २०० आणि भाव आला २०० च्या आसपास. दोनशे गुणिले दोनशे, पुन्हा ४०,०००. एका भाकरीचे चार ऐवजी आठ तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, आणि कमीही होत नाही.

कंपनीतला हिस्साही तेवढाच राहतो. कंपनीचे एकूण १ लाख शेअर असतील, तर ४० शेअर म्हणजे ०.०४ टक्के मालकी. विभाजनानंतर एकूण शेअर ५ लाख होतात आणि आजींचे २००. टक्केवारी काढून पाहा, ०.०४ च येते.

लाभांशाचे काय? तो पुष्कळदा दर्शनी किमतीच्या टक्क्यांत सांगतात. १०० टक्के लाभांश म्हणजे आधी शेअरमागे १० रुपये, ४० शेअरवर ४००. विभाजनानंतर शेअरमागे २ रुपये, पण २०० शेअरवर पुन्हा ४००.

मग कंपन्या विभाजन करतात कशासाठी? भाव फार चढला की लहान गुंतवणूकदाराला एक शेअर घेणेही जड जाते. तुकडे लहान केले की घेणारे वाढतात आणि खरेदी-विक्री सोपी होते. जुलै २०२२ मध्ये टाटा स्टीलने दर्शनी किंमत १० वरून १ केली. नऊशेच्या वर असलेला भाव शंभराच्या आसपास आला. उलट एमआरएफने विभाजन केले नाही. त्यामुळे जून २०२३ मध्ये तिच्या एका शेअरचा भाव १ लाख रुपयांच्या पुढे गेला. महाग भाव म्हणजे चांगली कंपनी आणि स्वस्त भाव म्हणजे वाईट कंपनी, असे गणित नसते.

विभाजन आणि बोनस यांत गल्लत करू नये. बोनसमध्ये दर्शनी किंमत तीच राहते. कंपनी आपल्या साठवलेल्या नफ्यातून रक्कम भांडवलात वळवते आणि भागधारकांना जादा शेअर देते. विभाजनात भांडवल बदलत नाही.

पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसचे उदाहरण घेऊ. १९९३ मध्ये तिने ९५ रुपये भावाने जनतेला शेअर दिले. तेव्हा १०० शेअर घेऊन जो स्वस्थ बसला, त्याचे पुढे बोनस व विभाजन मिळून २०१८ पर्यंत १,०२,४०० शेअर झाले. या १,०२४ पटीत विभाजनाचा वाटा केवळ दुपटीचा, तो २००० सालचा. बाकीची ५१२ पट बोनसची. पण लक्षात ठेवा, शेअरची संख्या वाढल्याने तो श्रीमंत झाला नाही. कंपनीचा धंदा आणि नफा वाढला, म्हणून झाला. धंदा तेवढाच राहिला असता, तर लाखभर शेअरची किंमतही पहिल्या शंभर शेअरएवढीच राहिली असती. म्हणून विभाजनाची बातमी ऐकून घाईने शेअर घेऊ नयेत, आणि भाव उतरलेला दिसला म्हणून घाबरून विकूही नयेत.

दीर्घकाळ शेअर ठेवणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात. खरेदीचा जुना भावही त्याच प्रमाणात भागावा, नाहीतर नफ्याच्या जागी तोटा दिसतो. करासाठी विभाजनातल्या शेअरची मुदत मूळ खरेदीपासून मोजतात, बोनस शेअरची मात्र ते मिळाल्यापासून. शेअर कागदी असतील तर ते डीमॅट खात्यात जमा करून घ्यावेत, कारण १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत.

आजींची खरी अडचण येथेच निघाली. आजोबांच्या पश्चात कुटुंब दांडिया बाजारातला वाडा सोडून नव्या सोसायटीत गेले, पण कंपनीला पत्ता कोणी कळवला नाही. विभाजनाचे पत्र मिळाले नाही, आणि पाच वर्षांचा लाभांशही पडून राहिला. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर ते शेअरच कायद्याने सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. अर्ज करून ते परत मिळवता येतात, पण खटाटोप मोठा. आणखी दोन वर्षे गेली असती तर आजींवरही तीच वेळ आली असती.

आता वारसनोंदीचा अर्ज गेला आहे, डीमॅट खातेही उघडले आहे. पत्ता नातवाने स्वतःच्या अक्षरात लिहिला. शेअर विकायचा विचार आजींनी सोडून दिला आहे.

पालकांना विनंती, या रविवारी घरातली जुनी ट्रंक उघडून पाहा. पत्ता, बँक खाते आणि नामनिर्देशन तपासा. विद्यार्थ्यांनी सोबत बसून पुढील उदाहरणे सोडवावीत.

स्वाध्याय
१. ६० शेअर, भाव १,५०० रुपये. दर्शनी किंमत १० वरून ५ झाली. नवी संख्या व अंदाजे भाव काढा.
२. ८०० रुपये भावाने २५ शेअर घेतले. दर्शनी किंमत १० वरून २ झाली. आता एका शेअरचा खरेदीभाव किती धरावा?
३. १०० शेअरवर आधी एकास एक बोनस मिळाला, मग दर्शनी किंमत १० वरून ५ झाली. एकूण शेअर किती? यांतल्या कोणत्या पायरीवर कंपनीचे भांडवल वाढले?