उचलीचे गणित



“शाळेला किती संगणक देऊ?” असे मंडळीतून प्रेमाने विचारले जाते. देणाऱ्यांबद्दल देवाचे आभार. पण संख्येच्या आधी, त्यावर गणित आणि विज्ञान कसे शिकवणार हे ठरायला हवे.

बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांत भिल्ल व पारधी घरेही असतात. काही मुले गावच्या हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांसोबत कोप्यांवर. उन्हाळ्यात परत येतात तोवर टक्केवारी, विद्युत परिपथ वर्गात होऊन गेलेले असते. अशा मुलाला संगणकाचा खरा उपयोग हा, की चुकलेला पाठ चार वेळा पाहता येतो आणि कोणी हसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली. आता बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड असतात. मात्र कोड उघडायला नेट लागते. जिथे रेंज येत नाही, तिथे पाठ आधीच उतरवून ठेवलेला बरा.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे प्रयोग मोफत आहेत, त्यांतले अनेक मराठीत आहेत आणि एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. पडद्यावर बॅटरी, तार, दिवा जोडायचा. पण कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचे: दिवा लागेल का, आणि का? मग पडद्यावर पाहायचे, शेवटी खरी बॅटरी हातात घ्यायची. हे नसेल तर तो नुसता सिनेमा होतो. आम्ही असे सिनेमे दाखवून झालो आहोत, म्हणून सांगतो.

गणितासाठी तर साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. समजा, मुकादमाकडून उचल ७०,००० रुपये, टनाला दर ३५० रुपये, एका कोयत्याची रोजची तोड २ टन. रोजचे ७०० रुपये. उचल फिटायला १०० दिवस. आता टनाच्या चौकटीत २ ऐवजी दीड लिहा. क्षणात १३४ दिवस होतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेब घरचा आहे. पाटीवरही तो होतो, हे खरे. तक्त्यात मात्र एक आकडा बदलला की पुढचे सगळे हलते, आणि सातवीतली मुलगी बापाच्या हिशेबाची वही घेऊन बसू शकते.

रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न घाला. तोड दीड टनच, पण आईच्या आजारपणात १० दिवस गेले आणि दर खाड्याला ५०० रुपये कापले. उचल ७५,००० झाली. उत्तर: १४३ दिवस काम, शिवाय ते १० दिवस वेगळे.