विकलेली स्कूटर आणि पकड वॉरंट

कोलकात्यात गरियाहाटच्या चौकात पांढऱ्या गणवेशातल्या सार्जंटने गाडी बाजूला घ्यायला लावली, परवाना पाहिला, मोबाइलवर बोटं फिरवली आणि विचारलं, ‘बाबार नाम?’ पावती फाडायला वडिलांचं नाव कशाला, असं मनात येतंय तोच कळलं, माझ्या नावावर पकड वॉरंट आहे, ठाण्यात चला.

भानगड अशी, की माझी स्कूटर घेणाऱ्याने सही केलेले कागद नेले, पण गाडी आपल्या नावावर करूनच घेतली नाही. सिग्नल तोडले त्याने, आरसी बुक माझं. कोर्टाची समन्सं जात राहिली भवानीपूरच्या जुन्या भाड्याच्या घरी.

अशा वेळी सार्जंटशी हुज्जत घालण्यात हशील नाही. गाडी विकलीय हे त्याला पटलं तरी वॉरंट रद्द करणं त्याच्या हातात नसतं, ते कोर्टाचं काम. आपण मागायचा तो कागद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 77 नुसार वॉरंटचा मजकूर सांगावा लागतो आणि मागितलं तर ते दाखवावंही लागतं. न्यायाधीशांची सही, कोर्टाचा शिक्का, केस नंबर, वडिलांचं नाव, पत्ता असं सगळं ताडून पाहा. नावात नाव मिळून भलताच माणूस अडकू शकतो. मग शोधायचा जामिनाचा शेरा. माझ्या वॉरंटवर तो होता: जामिनाची रक्कम, एक जामीनदार, कोर्टात हजर राहायची तारीख. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात ओळख झालेले एक काका धावत आले, त्यांनी सही ठोकली आणि रात्रीचं जेवण मी घरी जेवलो.

शेरा नसेल तर पोलिसांना प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत आपल्याला कोर्टापुढे उभं करावं लागतं. दरम्यान घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं हे काही उपकार नव्हेत. अटकेची तारीख-वेळ लिहिलेला मेमो आणि त्यावर साक्षीदाराची सही, हा नियमही बंगालच्याच खटल्यातून आला. विधी सेवेत काम करणाऱ्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल 1986 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, निकाल लागला 1996 मध्ये. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर आहे. आणि हो, व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे मागणारा भामटाच; ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही.

तारखेला बँकशाल कोर्टात गेलो. बाहेर टाइपरायटरवाले आणि मुहुरी, म्हणजे वकिलांचे कारकून, गराडा घालतात. ‘वॉरंट लगेच रिकॉल (रद्द) करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी न लागता ओळखीचा वकील गाठावा. त्याने वकालतनामा आणि अर्ज दाखल केला, सोबत स्कूटर विकल्याची पावती जोडली. वॉरंट रद्द झालं, पण दंड मलाच भरावा लागला. राग आला, इलाज नव्हता. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंच आहे, की नोंदणीत नाव ज्याचं, मालक तोच. म्हणून राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर फॉर्म 29 चौदा दिवसांच्या आत आपणच आरटीओत द्यावा, घेणाऱ्यावर सोडू नये. ई-कोर्ट्सच्या साइटवर अधूनमधून आपलं नावही टाकून पाहावं.

कोर्टाचा आदेश ठाण्यापर्यंत पोचायला वेळ लागू शकतो. मी त्याची प्रमाणित प्रत स्वतः नेऊन दिली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि ती गाडीच्या कागदांतच ठेवतो.