मुंबईचा सेनाधिकारी सिडनीत

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अल्वा नावाचे एक लहानसे बेट आहे. लॅकलन मॅक्वारी याचा जन्म 1762 साली त्या भागातील एका गरीब कुटुंबात झाला. घराणे जुने व मानाचे, पण जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. असल्या घरांतील मुलांपुढे त्या काळी सैन्याखेरीज दुसरी वाट क्वचितच असे. चौदा-पंधराव्या वर्षीच लॅकलन शिपाईगिरीस लागला आणि 1788 मध्ये आपल्या पलटणीबरोबर मुंबईस येऊन उतरला.

1793 च्या सप्टेंबरात मुंबईतच त्याने जेन जार्विस हिच्याशी विवाह केला. जेनचे वडील वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावर मुख्य न्यायाधीश होते. हा संसार तीन वर्षेही टिकला नाही. जेनला क्षय जडला. हवापालटासाठी पतीने तिला चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे नेले. तेथेच 1796 च्या जुलैत तिने प्राण सोडला. तिचा देह त्याने जहाजातून मुंबईस आणविला आणि या शहराच्या मातीत पुरला. पुढे मल बेटावर त्याने जमीन घेतली, तिला ‘जार्विसफील्ड’ हे नाव दिले.

जेन जिवंत असताना, 1795 मध्ये मॅक्वारीच्या घरात दोन बालके आली. ती विकत घेतलेली होती. गुलामांचा बाजार तेव्हा राजरोस भरे. मुलांची मूळ नावे पुसली जाऊन हेक्टर व जॉर्ज ही नावे पडली. मुंबईत त्यांना शाळेत घालण्यात आले. जॉर्ज पुढे ‘जॉर्ज जार्विस’ म्हणून ओळखला गेला. मालकिणीच्या माहेरचे आडनाव त्याला मिळाले, पण आईबापांचा ठावठिकाणा कोणी जपला नाही. 1807 मध्ये मॅक्वारी इराण व रशियामार्गे इंग्लंडला गेला, तेव्हा जॉर्ज बरोबर होता. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारास बंदी केली.

1810 च्या पहिल्या दिवशी मॅक्वारी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीचा गव्हर्नर झाला. ही वसाहत इंग्लंडातून हद्दपार केलेल्या कैद्यांची. शिक्षा भोगून झालेल्या माणसास समाजात पुन्हा मान मिळावा, असा त्याचा आग्रह होता. तो श्रीमंत जमीनदारांना मुळीच रुचला नाही. नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा मद्रासहून आलेल्या 40,000 स्पॅनिश चांदीच्या डॉलरांना मधोमध भोक पाडून त्याने एका नाण्याची दोन केली! मूलनिवासी मुलांसाठी 1815 मध्ये परामट्टा येथे शाळा उघडली. परंतु पुढच्याच वर्षी त्याच्याच हुकमाने निघालेल्या सैनिकांनी ॲपिन येथे किमान 14 मूलनिवासींना ठार केले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांइतकीच ही घटनाही त्याच्या चरित्राचा भाग आहे.

दुसरी पत्नी एलिझाबेथ कँपबेल हिच्यापासून त्याला झालेल्या मुलीचे नावही जेनच ठेवले होते. ती तान्हेपणीच गेली. 1814 मध्ये सिडनीत जन्मलेला मुलगा लॅकलन 1845 मध्ये निपुत्रिक वारला, आणि वंश तेथेच संपला. मॅक्वारी स्वतः 1824 मध्ये लंडनमध्ये निवर्तला. अखेरच्या आजारात जॉर्ज जवळ होता. पती, पत्नी आणि दोन्ही मुले मल बेटावर एकाच समाधीत आहेत. जेन जार्विस तेवढी मुंबईत राहिली.